वाघाआधी चिखल

सुंदरबनला जाऊन आलेल्या माणसाला घरी पहिला प्रश्न विचारला जातो तो वाघाचा. दिसला का? उत्तर बहुधा नाही असंच असतं, आणि त्या एका नकाराने सगळी सहल थोडी वाया गेल्यासारखी वाटू लागते. विमानाने कोलकात्याच्या डमडमला उतरायचं, गाडीत डुलक्या काढत तीन-चार तासांत गोदखालीचा धक्का गाठायचा, दोन रात्री लाँचवर किंवा नदीकाठच्या रिसॉर्टमध्ये काढायच्या, चार टेहळणी मनोरे चढून उतरायचे आणि परत डमडम. मराठी पर्यटकाची सुंदरबन सहल साधारण अशी आखलेली असते. तिच्यात वाघ न दिसणं जवळजवळ ठरलेलंच आहे. भारताकडच्या सुंदरबनचं जंगल खाड्यांसकट चार हजार चौरस किलोमीटरहून अधिक, आणि २०२२ च्या गणनेत त्यात वाघ निघाले शंभराच्या आसपास. ताडोबात जिप्सी वाघाच्याच रस्त्यावरून फिरते. इथे जमिनीवर पाय ठेवता येतो तो मनोऱ्याभोवतीच्या कुंपणाच्या आतच. बाकी सगळं बघणं पाण्यातून, आणि वाघ उघड्यावर येतो तो बहुतेक खाडी ओलांडण्यापुरता.

म्हणून या सहलीला निघणाऱ्याला माझं सांगणं असतं की वाघाचं नंतर बघू, आधी चिखल बघ. चिखल बघायला गोदखालीपर्यंत थांबायचीही गरज नाही. तो डमडमलाच, पायाखाली आहे.

डमडमचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम पाच मीटर उंचीवर आहे. समुद्र दक्षिणेला शंभर किलोमीटरहून दूर, तरी भरती हुगळीतून कोलकात्याच्याही वर चढते. मोठ्या उधाणाला नदीतून पाण्याची लाट प्रवाहाच्या उलट धावत येते, तिला तिथले लोक ‘बान’ म्हणतात आणि घाटावरच्या नावा तेवढ्यापुरत्या मधल्या पाण्यात नेतात. या सगळ्या मुलखाची घडण नदीच्या गाळाची. पूर आला की नदी काठ सोडून पसरते, जड वाळू काठालगतच टाकते आणि बारीक माती दूर नेते. शतकानुशतकं हे झालं की नदीचा काठ उंच होतो आणि नदीपासून जसजसं लांब जावं तसतशी जमीन सखल होत जाते. कोलकाता हुगळीच्या त्या उंच काठावर बसलं आहे, त्यामुळे शहराचा उतार नदीकडे नाहीच. तो पूर्वेला, नदीकडे पाठ करून गेलेला आहे. शहरातलं पाणी, सांडपाणी, पावसाचं पाणी, सारं त्या बाजूला धावतं. डमडमचंही. मे २०२० मध्ये अम्फान वादळाने विमानतळावर तळं झालं, त्याची छायाचित्रं अनेकांना आठवत असतील. ते पाणी पावसाचं होतं, पण अशा सपाट आणि सखल जमिनीवरून ते उतरायला वेळ लागणारच.

या मातीत जुनं जंगल गाडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात शियालदा भागात तलाव खणत असताना बऱ्याच खोलीवर सुंदरीच्या झाडांचे बुंधे सापडले, तेही मुळांसकट, उभेच्या उभे. सुंदरी हे सुंदरबनचं झाड, भरतीच्या काठाशी वाढणारं. म्हणजे आज जिथे लोकल गाड्यांची वर्दळ असते तिथे एकेकाळी दिवसातून दोनदा खारं पाणी येऊन जात होतं, पुढे जमीन खचली आणि वर नवा गाळ साचला. अशा मुलखात माणूस उंचवटा शोधूनच राहतो. डमडमला नागेरबाजारजवळ क्लाइव्हचा म्हणून ओळखला जाणारा जुना वाडा एका टेकाडावर उभा आहे. २००१ नंतर पुरातत्त्व खात्याने तिथे खणलं तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा हाती आल्या. क्लाइव्हने जागा निवडली ती हवा खायला. त्याच्या आधीच्यांनी निवडली ती पाय कोरडे ठेवायला, असा माझा तर्क आहे.

आपल्याकडे डमडम माहीत असतं ते १८५७ च्या काडतुसांमुळे आणि त्या कुप्रसिद्ध गोळीमुळे. इथल्या दारूगोळा कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बनलेली, शरीरात शिरल्यावर पसरणारी ही गोळी १८९९ च्या हेग परिषदेने युद्धातून हद्दपार केली. शिकारीत मात्र त्या जातीच्या गोळ्या चालूच राहिल्या, माणसाला वर्ज्य ठरलेली जखम रानातल्या मोठ्या जनावराला चालत होती. सुंदरबनात तेव्हा वाघ तर होतेच, शिवाय जावाचा एकशिंगी गेंडा होता, रानम्हैस होती, बारशिंगा होता. विसाव्या शतकात हे तिन्ही तिथून नाहीसे झाले. गोळीबरोबर नांगरही त्याला जबाबदार आहे, कारण तोवर उत्तरेकडचं बरंचसं जंगल तोडून भातशेती झाली होती.

डमडमच्या दक्षिणेला आज सॉल्ट लेक नावाचं आखीव नगर आहे. विद्याधरी नावाची नदी होती, तिच्यातून भरतीचं पाणी या भागातल्या सरोवरांत शिरायचं, म्हणून सरोवरं खारी. विद्याधरीला मान मोठा. चंद्रकेतुगढ हे बंगालमधलं प्राचीन व्यापारी ठाणं तिच्याच काठचं. पण वरून येणारं गोडं पाणी आटलं, गाळ साचला आणि १९२८ मध्ये सरकारी दप्तरात ही नदी मृत म्हणून नोंदली गेली. नदीचा मृत्युदाखला निघाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे १९६२ ते १९६७ या काळात हुगळीतला गाळ पाइपांतून आणून सरोवरांचा बराच भाग बुजवला गेला. काम युगोस्लाव्ह कंपनीचं, कल्पना मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय यांची. नेमक्या त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, इथल्या लव्हाळ्यांत राहणाऱ्या मुंगसाचं शास्त्रीय वर्णन एक वेगळी जात म्हणून प्रसिद्ध झालं. पुढे अभ्यासकांनी त्याला नेहमीच्या लहान मुंगसाच्या खात्यात टाकलं, तरी दलदलीत पोहून मासे-खेकड्यांवर जगणारं मुंगूस ही चीज वेगळीच. त्याचं घर कागदावर आलं आणि जमिनीवरून जायला लागलं.

दलदलीतला आणखी एक रहिवासी म्हणजे बाघरोल, मासे पकडणारी रानमांजर. अंगाने घरच्या मांजराच्या दुप्पट, ठिपकेदार, आखूड शेपटीची, आणि पाण्यात पंजा घालून मासा उचलण्यात पटाईत. पश्चिम बंगालचा राज्यप्राणी हीच. राज्यात जगप्रसिद्ध वाघ असताना हा मान पाणथळीतल्या मांजराला दिला, यात मला तरी शहाणपण दिसतं. आजही बाघरोल मोठ्या जंगलापेक्षा गावाशेजारच्या लव्हाळ्यांत आणि मत्स्यतळ्यांच्या काठी जास्त असते आणि रस्त्यावर गाड्यांखाली मरते.

गोदखालीकडे जाणारी गाडी सायन्स सिटीपासून बासंती रस्त्याला लागली की दोन्ही बाजूंना पाण्याचे मोठमोठे चौकोन दिसू लागतात. पर्यटक इथे झोपलेला असतो. या चौकोनांना ‘भेरी’ म्हणतात आणि कोलकात्याचं सांडपाणी इथे मासे वाढवतं. विद्याधरी मेल्यावर खारं पाणी बंद झालं, तेव्हा मत्स्यशेतकऱ्यांनी शहराचं सांडपाणी तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. तंत्र बघायला साधं, चालवायला कसबी. तळं उथळ, साधारण माणसाच्या कमरेइतकं, म्हणजे ऊन तळापर्यंत पोचतं. सांडपाण्यातली घाण जिवाणू फोडतात, त्यातून मोकळी झालेली खतं शेवाळं खातं, शेवाळं उन्हात प्राणवायू सोडतं आणि तोच प्राणवायू जिवाणूंना पुढच्या कामाला लागतो. कडक उन्हाने रोगजंतू मरतात. वाढलेलं शेवाळं रोहू, कटला, मृगळ, तिलापिया खातात. काठाने जलपर्णी मुद्दाम राखलेली असते, ती बांधाला लाटांपासून सांभाळते आणि पाण्यातले काही जड धातू शोषते. सांडपाणी किती सोडायचं आणि कधी थांबवायचं हे भेरीवाला पाण्याचा रंग आणि वास बघून ठरवतो.

ध्रुवज्योती घोष हे सरकारी नोकरीतले अभियंते. शहराच्या सांडपाण्याचं पुढे होतं काय याचा माग काढत ते इथवर आले आणि मग आयुष्यभर इथलेच झाले. कोट्यवधी रुपयांचं शुद्धीकरण केंद्र जे करतं ते इथे ऊन, शेवाळं आणि मासे फुकट करतात, हे त्यांनी आकडे देऊन दाखवलं. १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने इथल्या भरावाला लगाम घातला. २००२ मध्ये साडेबारा हजार हेक्टरांचा हा टापू जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. घोष २०१८ मध्ये गेले. भराव अजूनही होतो, रात्री ट्रक येतात असं स्थानिक लोक सांगतात, आणि बानतल्याच्या चामडे कारखान्यांचा वास खिडकी बंद केली तरी आत येतो. तरीही हिवाळ्यात सकाळी तास-दोन तास भेरीच्या बांधावर काढावेत. बगळे, पाणकावळे, जांभळ्या पाणकोंबड्या, निरनिराळ्या जातींचे खंड्या आणि उत्तरेकडून आलेली बदकं असा चांगला बाजार भरलेला असतो. विमान उशिरा उतरलं आणि गोदखालीला अंधार होणार असेल तर धावत जाण्यापेक्षा हा मुक्काम बरा.

सुंदरबनला रेल्वेने जायचं तर डमडम जंक्शनहून लोकलने शियालदा आणि तिथून कॅनिंग. कॅनिंग मातला नदीवर आहे. कोलकात्याच्या बंदरात गाळ भरतो म्हणून ब्रिटिशांनी तिथे नवं बंदर उभारायचं ठरवलं. हेन्री पिडिंग्टन हा वादळांचा अभ्यासक. चक्री वादळासाठी सगळीकडे वापरला जाणारा ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेच घडवलेला. त्याने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरलला बजावलं की ही जागा समुद्राच्या तोंडावर उघडी आहे, एक दिवस वादळाबरोबर पाण्याचा लोंढा येईल आणि सगळं धुऊन नेईल. ऐकलं कोणीच नाही. रेल्वे आली, गोद्या झाल्या, इमारती झाल्या. १८६७ मध्ये वादळ आलं आणि बंदर मोडलं. आज कॅनिंग हे मासळीचं आणि लोकलचं गाव आहे.

गोदखालीला लाँचमध्ये बसलं की पहिलं काम भरती-ओहोटीची वेळ विचारण्याचं. कोकणातल्या माणसाला हे शिकवायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते हा कोळ्यांचा हिशेब आपल्याकडे अजून चालतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. त्यामागचं गणित असं की चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही तितकीच मागे सरकते, पाऊण तास म्हणजे त्या पन्नास मिनिटांचा सोपा अंदाज. सुंदरबनातही भरती रोज एवढीच सरकते, पण कोकणातलं सूत्र तिथे जसंच्या तसं लावू नये. चंद्र डोक्यावर येणं आणि भरती पूर्ण होणं यांतलं अंतर किनाऱ्याच्या आकारावर आणि तळाच्या खोलीवर ठरतं, त्यामुळे प्रत्येक बंदराचं वेगळं असतं. शिवाय भरती समुद्राकडून आत चढायला वेळ घेते, म्हणून खाडीच्या मुखाशी ओहोटी लागलेली असताना आतल्या गावात पाणी अजून वाढत असतं. बंगालच्या उपसागराचा वरचा भाग नरसाळ्यासारखा निमुळता आणि उथळ, त्यामुळे आत येणाऱ्या पाण्याला पसरायला जागा नसते आणि ते उंच होतं. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढ-उतार करतं.

सहलीच्या दृष्टीने याचा अर्थ असा. भरतीला लाँच अरुंद खाड्यांत शिरू शकते, पण काठ बुडालेले असतात आणि झाडांची नुसती हिरवी भिंत दिसते. ओहोटीला अरुंद खाड्या बंद होतात, पण दोन्ही काठांवर पाच-दहा पावलांपासून शे-दीडशे पावलांपर्यंत चिखलाचे उतार उघडे पडतात, आणि सुंदरबनातलं निम्मं जग त्या उतारांवर राहतं. सकाळी ओहोटी लागलेली असेल असा दिवस मिळाला तर सोन्याहून पिवळं. भांगाच्या तिथींना, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याची चढ-उतार कमी आणि चिखलही कमी उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दोन्ही भरपूर. सहलीच्या कंपन्या तारखा ठरवताना शनिवार-रविवार बघतात, पंचांग बघत नाहीत.

या उघड्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पाण्याने भरलेली, बारीक कणांची, दाट माती, तिच्यात हवा शिरायला वाव नाही. साधं झाड इथे मुळं कुजून मरेल. खारफुटीने मुळं वर काढली. आपल्याकडच्या खाडीत तिवराभोवती पेन्सिलींसारखी टोकं जमिनीतून वर आलेली असतात, तीच इथे ‘बाइन’ झाडाभोवती दिसतात, कारण बाइन म्हणजे तिवराचेच भाऊबंद. या श्वसनमुळांवर बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यांतून हवा आत जाते आणि भरतीला ती बंद होतात. तिवराच्या पानाला जीभ लावून बघितली तर मीठ लागतं, कारण मुळांतून आत आलेलं मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळ दुसरी युक्ती करतं, बहुतेक मीठ मुळाशीच अडवतं. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि काकडीएवढा लांब कोंब फुटल्यावर खाली पडतं, म्हणजे भरतीत वाहून गेलं तरी पहिल्या चिखलात उभं राहायला तयार. ‘गेंवा’ नावाच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून मध काढणारे लोक त्याच्यापासून जपून राहतात. ‘केवड़ा’ म्हणून तिथे जे दाखवतात तो आपला सुवासिक केवडा नव्हे. ते चिप्पीच्या कुळातलं उंच झाड. माकडं वर बसून त्याची पानं-फळं खातात आणि निम्मी खाली टाकतात, ती खायला चितळं जमतात, आणि चितळं जमली की त्यांच्यामागे वाघ. ‘हेंताल’ हे आपल्या शिंदीच्या जातीचं बुटकं पामझाड. त्याची सुकलेली पिवळट पानं आणि हिरव्या पानांतल्या सावल्या वाघाच्या पट्ट्यांशी इतक्या जुळतात की वाटाड्या तिथे बोट दाखवतो तेव्हा आधी पान दिसतं आणि मग बहुधा पानच दिसत राहतं.

एवढं असून ज्या सुंदरीच्या नावाने हे जंगल ओळखलं जातं ती भारताच्या बाजूला फार थोडी उरली आहे. सुंदरीला थोडं तरी गोडं पाणी लागतं. गेल्या काही शतकांत गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेला पद्मेकडे वळला आणि पश्चिमेच्या विद्याधरी, मातला यांसारख्या नद्यांना वरचं पाणी मिळेनासं झालं. आज खालच्या टोकाला त्या दिसतात विशाल, पण त्यांच्यातलं पाणी सगळं समुद्राचं. बांगलादेशाच्या सुंदरबनात गोडं पाणी जास्त, म्हणून तिकडे सुंदरी आणि गोलपाता या झाडांचं दाट रान. एकाच जंगलाचे दोन तुकडे, पण सीमारेषेपलीकडे झाडांची उंची, जाती, रंग सगळं बदलतं.

चिखलावर पहिला भेटतो निवटा. कोकणात ज्या निवट्यांचं कालवण होतं तीच जात-कुळी. पाण्याबाहेर तासन्‌तास राहणारा हा मासा गळ्याशी पाणी साठवून ठेवतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो आणि परांवर टेकून उड्या मारतो. त्याच्या शेजारी एका मोठ्या नांगीचे लाल-नारिंगी खेकडे शेकडोंनी, नर सगळे ती नांगी हलवून मादीला बोलावत असतात. हे खेकडे बिळं खणतात तेव्हा दाट चिखलात हवा शिरते, म्हणजे झाडांचीही सोय होते. खंड्यांसाठी तर सुंदरबनची कीर्ती आहे. तपकिरी पंखांचा, नारिंगी अंगाचा, मोठ्या लाल चोचीचा खंड्या आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही, इथे हटकून दिसतो. काळ्या डोक्याचा आणि पांढऱ्या गळपट्टीचा, हेही सोबतीला. हिवाळ्यात ऊन खायला खाऱ्या पाण्यातल्या मगरी काठावर पडलेल्या असतात. कोकणातल्या खाड्यांत दिसतात त्या गोड्या पाण्याच्या मगरींपेक्षा या कितीतरी मोठ्या आणि समुद्र पार करू शकणाऱ्या. नदीच्या रुंद भागात नशिबाने इरावती डॉल्फिनचं गोल डोकं वर येतं. घोरपडी इतक्या असतात की तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

आणि वाघ. सुंदरबनचा वाघ मध्य भारतातल्या वाघापेक्षा अंगाने लहान, इथल्या वाघिणी तर ७५-८० किलोंच्या आसपासच भरतात. भक्ष्य लहान, चिखलात पळणं अवघड आणि रोज खाड्या पोहून ओलांडायच्या, हे त्यामागे असावं असं मानलं जातं. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पात पहिल्या नऊ जंगलांत सुंदरबन होतं, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८७ मध्ये जागतिक वारसा. या सगळ्या मानांच्या पलीकडे माणसं आहेत. भारताकडच्या सुंदरबनात १०२ बेटं, त्यांपैकी ५४ वर वस्ती. मध, मासे आणि खेकडे यांसाठी लोक जंगलात जातात, त्यांतले काही परत येत नाहीत, आणि त्यांच्या बायकांना गावात ‘बाघबिधवा’ म्हणून वेगळं काढलं जातं. वाघ मागून झडप घालतो म्हणून १९८० च्या दशकात वनखात्याने माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायला दिले. सुरुवातीच्या काळात मुखवटा घातलेल्यांवर हल्ले झाले नाहीत. नंतर तो उपाय मागे पडला, आणि आज गावाच्या बाजूला जंगलाला नायलॉनची जाळी बांधलेली दिसते. लोकांचा खरा भरवसा मात्र जंगलाची राखणदार मानलेल्या बनबीबीवर. हिंदू आणि मुसलमान दोघंही तिला मानतात, जंगलात शिरण्याआधी तिचं नाव घेतात. तिची कथा सांगणारी पोथी बंगालीत आहे आणि तिची पानं उर्दू पुस्तकासारखी उजवीकडून उलटतात. पर्यटकांसाठी रिसॉर्टमध्ये तिच्या कथेची ‘पाला’ म्हणजे लोकनाटिका होते, ती झगमगाटासह. गावातली वेगळी, जमलं तर तीच बघावी.

वस्तीची बेटं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत, हे लाँचमधून स्पष्ट दिसतं: बांधाच्या या बाजूला नदी वर, त्या बाजूला भातखाचरं आणि घरं खाली. कारण विचार करायला लावणारं आहे. जंगलाच्या बेटावर दर भरती थोडा गाळ टाकते आणि बेट हळूहळू वाढत राहतं. माणसाने बेट राहण्यासाठी घेतलं की बांध घालून भरती थांबवतो, त्याबरोबर गाळही थांबतो, आणि बेट तिथेच राहतं तर शेजारचं जंगल वर चढतं. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर बांधांवर हा सगळा डाव उभा आहे. २००९ मध्ये आयला वादळ आलं, २०२० मध्ये अम्फान, २०२१ मध्ये यास. दर वेळी बांध फुटले, खारं पाणी शेतात शिरलं आणि तिथे पुढची काही वर्षं भात पिकला नाही. जिथे बांधासमोर खारफुटीचा पट्टा शिल्लक होता तिथे लाटांचा मार कमी बसला. अम्फाननंतर राज्य सरकारने पाच कोटी खारफुटीची रोपं लावण्याची घोषणा केली.

सहलीसाठी काही रोखठोक गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. प्रवेशपत्र आणि वनखात्याचा वाटाड्या सजनेखालीला मिळतो, वाटाड्या सक्तीचा आहे आणि तो बोलका निघाला तर सहल तरते. बेटावरचाच माणूस लाँचवर असेल अशी सहल निवडावी. काही लाँचवर ध्वनिक्षेपक लावून गाणी चालू असतात, त्यांचं आगाऊ विचारून घ्यावं, नाहीतर तीन दिवस हिंदी सिनेमा ऐकत खाडी बघावी लागते. मोठ्या लाँचपेक्षा लहान होडीतून खाडी कितीतरी जास्त दिसते हे आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांच्या ‘स्वामिनी’ बचतगटाने चालवलेली कांदळवन सफर बघितलेल्यांना कळेल. ऐरोलीहून ठाणे खाडीतले रोहित बघायला निघणाऱ्या बोटीही भरतीची वेळ पाहूनच सुटतात. सुंदरबनला जाण्याआधी या दोन्ही करून बघायला हरकत नाही, खारफुटी ओळखायला डोळा तयार होतो आणि खर्च फार नाही.

सजनेखालीला प्रवेशपत्राच्या रांगेत उभे असताना शेजारच्या तळ्याकडे जरूर जावं. बाटागुर बास्का नावाचं नदीतलं मोठं कासव एकेकाळी इथून कोलकात्याच्या बाजारात खाण्यासाठी ढिगांनी जात असे. ते रानातून संपलं असं धरलं गेलं होतं, पण २००८ मध्ये या तळ्यात मोजकी कासवं जिवंत सापडली आणि त्यांच्यापासून २०१२ पासून पैदास सुरू झाली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांतली दहा कासवं पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं लावून खाडीत सोडली. काही आठवड्यांत त्यांच्यातली काही बांगलादेशच्या हद्दीत पोचल्याचं यंत्रांनी कळवलं.